सणासाठी मातीत मिसळणाऱ्या कुंड्या व सजावट

आश्विन शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्रात घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर अथवा परडीत शेतातील माती पसरावयाची, तीत गहू, ज्वारी, हरभरा अशी धान्ये पेरावयाची, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावयाचा आणि दसऱ्यास कोवळे अंकुर देवास वाहून टोपीत अथवा पागोट्यात खोवावयाचे, ही रीत जुनी आहे. घटाच्या सच्छिद्र अंगातून पाझरणारा ओलावा अंकुरांस मिळत राहतो. पत्रावळ, परडी व माती शेवटी मातीतच मिसळतात. सणाची कुंडी कशी असावी, याचा हा उत्तम पाठच होय.

मध्यंतरी मखरे व तोरणे यांत थर्माकोल आणि प्लॅस्टिक शिरले. हे पदार्थ कुजत नाहीत; त्यांचे तुकडे नाल्यात व शेतात साचून राहतात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून अशा सजावटीस मनाई केली. शेतकरी कुटुंबास मात्र सजावटीसाठी बाजाराकडे पाहण्याचे फारसे कारण नाही. लागणारे बहुतेक साहित्य गोठ्यात व बांधावरच असते.

शेणाची कुंडी

ताजे शेण दोन भाग, चाळलेली चिकण माती एक भाग आणि बारीक भुसा अर्धा भाग घेऊन घट्ट मळावे. जुन्या डब्यास बाहेरून राख चोळून त्यावर मिश्रणाचा बोटभर जाड थर थापावा व तळाशी पाणी निचरण्यासाठी छिद्र पाडावे. मिश्रणाने थोडा आकार धरताच डबा हलकेच काढून घ्यावा. मिश्रण वाळताना आकसते. डबा आत राहिल्यास कुंडी तडकते. कुंडी प्रथम सावलीत वाळवावी व नंतर उन्हात ठेवावी. वाळल्यावर तीवर गेरू व चुन्याची नक्षी काढता येते.

कुंडीत माती व चांगले कुजलेले शेणखत समभाग भरावे. अर्धवट कुजलेले खत घालू नये; ते कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र वापरतात व रोप पिवळे पडते. पाणी बेताने घालावे आणि कुंडी पडवीत, पावसाच्या माऱ्यापासून दूर ठेवावी. अशी कुंडी रोपासह जमिनीत लावता येत असल्याने मुळांस धक्का बसत नाही.

बांबू व करवंटी

तीन-चार वर्षे वयाचा पक्व बांबू घेऊन पेराच्या खाली कापल्यास पेराचाच तळ होतो. त्यास छिद्र पाडले की कुंडी तयार होते. बांबूत पिष्टमय पदार्थ असल्याने भुंगेरे त्यास पोखरतात. म्हणून तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवावा. कोकणात करवंटीस छिद्र पाडून ती काथ्याने टांगतात. लहान रोपांस ती पुरेशी होते.

तोरण व आपटा

आंब्याचा मोहोर पक्व डहाळीच्या शेंड्यावर येतो. सणासाठी शेंडे मोडल्यास त्या डहाळीचा पुढील मोहोर जातो. याकरिता डहाळी न मोडता जून पाने देठासह खुडावीत आणि ती अंबाडीच्या अथवा घायपाताच्या सुतळीत झेंडूसह ओवावीत.

दसऱ्यास आपट्याची हानी याहून मोठी होते. विक्रीसाठी झाडे ओरबाडली जातात आणि पुष्कळदा आपटा समजून कांचनाची पाने वाटली जातात. त्याऐवजी आपट्याचे रोपच भेट देणे अधिक योग्य. वाळलेल्या शेंगांतील बी जपून ठेवावे, रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या आरंभी वाफ्यात पेरावे आणि भाद्रपदात उगवलेली रोपे मुळाभोवतीच्या मातीसह शेणाच्या कुंड्यांत लावावीत. दसऱ्यास दिलेले रोप कुंडीसह बांधावर लावता येते. त्या वेळी जमिनीत ओल असते. मात्र पुढील पावसाळ्यापर्यंत त्यास पाणी घालणे व जनावरांपासून कुंपण करणे अगत्याचे आहे. लावून विसरलेले रोप उन्हाळ्यात वाळते व सारा खटाटोप वाया जातो.

सणानंतर

निर्माल्यातील दोरे, जरी व कागद वेगळे काढून फुले व पाने शेणखताच्या खड्ड्यात टाकावीत, वर शेणकाला शिंपडावा व मातीचा पातळ थर द्यावा. घटातील अंकुरांकडेही डोळसपणे पाहावे. बी विरळ उगवले असल्यास रब्बीच्या पेरणीपूर्वी त्याच बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवावेत व किती उगवतात ते पाहावे. उगवण कमी आढळल्यास बियाणे वेळीच बदलता येते आणि दुबार पेरणीचा खर्च वाचतो.