वांग्याच्या कुळांतील विषें व कलमाचा धोका

वांगें, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू व बांधावरचा धोतरा हीं एकाच कुळांतील भावंडें होत, असें सांगितल्यास कित्येक शेतकरी बंधूंस नवल वाटेल. परंतु फुलें शेजारीं ठेवून पाहावींत. तळाशीं जुळलेल्या पाकळ्या व पांच पुंकेसर बहुधा सर्वांत सारखेच दिसतात.

रूपाप्रमाणें स्वभावही मिळता आहे. किडींपासून व जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून प्रत्येकानें कांहीं तीव्र द्रव्य जवळ बाळगिलें आहे. तंबाखूंत निकोटीन असून तें १८२८ सालीं जर्मनींत प्रथम वेगळें काढण्यांत आलें. बटाट्यांतील सोलॅनिन उजेडानें हिरव्या पडलेल्या सालींत व कोंबांत वाढतें आणि शिजविल्यानेंही जात नाहीं. मिरचीचा तिखटपणा बियांत नसून बिया ज्यास चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यांत तयार होतो. धोतऱ्यांतील ॲट्रोपिन व स्कोपोलामिन यांनीं घसा सुकतो, बाहुल्या विस्फारतात व माणूस बरळूं लागतो. मात्र तेंच ॲट्रोपिन वैद्याच्या हातीं, कांहीं कीटकनाशकांची बाधा झालेल्या शेतकऱ्याचे प्राण वांचवितें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारचा एक होतकरू तरुण आम्हांस म्हणाला, "अण्णा, धोतऱ्यास ना पाणी लागतें, ना रोग. त्याच्या खुंटावर टोमॅटोचें कलम बांधलें आहे." चार रोपें जोमानें वाढलेलीं आम्ही पाहिलीं व आमच्या मनांत धस्स झालें.

आमचा जन्म कचेरींत कारकुनी करण्यांत गेला. सात-बारावर कब्जेदाराचें नांव ठळक दिसतें. जमिनीवरचा बोजा मात्र इतर हक्कांच्या रकान्यांत असतो. तो न वाचतां जो खरेदी करितो, तो फसतो. झाडाचेंही तसेंच आहे. तंबाखूचें निकोटीन व धोतऱ्याचें विष मुख्यत्वें मुळांत तयार होऊन वर चढतें. तंबाखूच्या खुंटावर बांधलेल्या टोमॅटोच्या पानांत निकोटीन सांपडतें. आणि धोतऱ्याच्या खुंटावरील टोमॅटो खाऊन अमेरिकेंत माणसांस विषबाधा झालेली आहे. वर फळ टोमॅटोचें, पण बोजा धोतऱ्याचा!

हें ऐकतांच त्या तरुणानें चारही रोपें मुळासकट उपटून खोल पुरून टाकिलीं. उद्योगी मुलगा, त्याचा हिरमोड झाला, परंतु घरांत लहान मुलें आहेत.

तरी बंधूंनीं कलम अवश्य करावें, परंतु कृषि विद्यापीठाच्या सल्ल्यानें, वांग्याच्या पारखलेल्या खुंटावरच करावें. बटाटे अंधारांत सांठवावे व हिरवे पडलेले गुरांपुढेंही टाकूं नयेत. खुंटाचें कूळ पाहणें पुरेसें नाहीं. त्याचीं मुळें काय रांधितात, हेंही विचारून घ्यावें.