छापखान्याचे सीसी खाते

छापखान्याच्या ताळेबंदात ऑफसेट यंत्रावरचे मुदत कर्ज चटकन नजरेत भरते. धंदा रोज ज्याच्यावर चालतो ते खाते मात्र वेगळे असते: कॅश क्रेडिट, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सीसी’. बँक वर्षभरासाठी एक लिमिट ठरवून देते. त्या मर्यादेत हवे तेव्हा पैसे काढायचे, आले की भरायचे. व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचे. पुस्तकाच्या छपाईत मोठा खर्च कागदाचा. प्रकाशक स्वतः कागद देत असेल तर मालकाला प्लेट, शाई, वीज आणि पगार एवढेच भागवावे लागते. पण कागदासकट काम घेतले की कागदाचे पैसे आधी जातात आणि बिलाचे फार उशिरा येतात. या मधल्या काळासाठी काढलेले कर्ज कागदोपत्री छापखान्याचे असले, तरी ते वापरतो त्याचा ग्राहक, असे माझे मत आहे.

आकडेच पाहावेत. लघुउद्योगांना खेळते भांडवल किती द्यावे याचे सूत्र नायक समितीने १९९२ मध्ये सुचवले आणि ते आजही बँकांच्या वापरात आहे. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही एकूण गरज. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांची उलाढाल. कागद खरेदी करण्यापासून बिल वसूल होईपर्यंतचे चक्र तीन महिन्यांत पूर्ण होते, हे त्यात गृहीत आहे. समजा, उलाढाल २ कोटींची आहे. बँक ४० लाख देईल, मालक १० लाख घालेल. आता ग्राहकांनी बिले चार महिन्यांनी भागवायची ठरवली, तर निव्वळ येणेच ६६ लाखांच्या पुढे जाते. गोदामातला कागद तर अजून मोजलाच नाही. ४० लाख वर्षभर पूर्ण वापरले आणि दर ११ टक्के धरला, तर व्याज ४ लाख ४० हजार होते, म्हणजे उलाढालीच्या २.२ टक्के. छपाईचा दर ठरवताना हा खर्च क्वचितच कोणी मांडतो.

तारणाची गोष्ट आणखी बोलकी आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जाते, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्षात किती काढता येईल तो आकडा, ठरवते. कोरा कागद बाजारात विकला जाऊ शकतो, म्हणून त्याला किंमत आहे. पण त्यावर एखाद्या पुस्तकाचा फर्मा छापला की तो त्या एकाच प्रकाशकाच्या उपयोगाचा. त्याने काम नाकारले तर उरते ती रद्दी. छपाईने कागदाची किंमत वाढायला हवी, तारण म्हणून ती घटते! म्हणजे खरे तारण माल नसून ग्राहकाची पत आहे. आणि तिथेच बँक, सर्वसाधारण प्रथेप्रमाणे, ९० दिवसांपेक्षा जुनी बिले हिशोबातून वगळते. ग्राहक जितका रेंगाळेल तितकी गरज वाढते आणि ड्रॉइंग पॉवर मात्र कमी होते.

यावर बँकवाल्यांचा आक्षेप असतो की मालकच सीसीचा पैसा नव्या यंत्रात गुंतवतात आणि मग कागदाला पैसा उरत नाही. हे घडते, आणि ते चूकच आहे. यंत्राचे पैसे परत मिळायला वर्षे लागतात, सीसीचे लिमिट दरवर्षी तपासले जाते. पण शिस्तीने चालणाऱ्या छापखान्यालाही वरचे गणित चुकत नाही. लिमिट वाढवून द्यावे, हा उपायही अपुरा, कारण वाढीव व्याज पुन्हा छापखान्याच्याच माथी येते.

उपाय उधारीवरच हवा. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही ठेवले. ते मागितले तर ग्राहकच जाईल या भीतीने फार थोडे मालक मागतात. म्हणून आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेली प्राप्तिकराची तरतूद मला अधिक उपयोगी वाटते: मुदतीत न भागवलेले बिल ग्राहकाला, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. इथे छापखान्याला तोंड उघडावे लागत नाही. ग्राहक मोठ्या छापखान्यांकडे वळतील ही शंका रास्त आहे, पण हजार-दोन हजार प्रतींच्या कामाला लहान छापखानाच सोयीचा पडतो. औषध कंपन्यांसाठी खोकी छापणाऱ्यांना ‘ट्रेड्स’ मंचावर बिल वटवण्याचीही सोय आहे. तिथे खरेदीदाराने पैसे बुडवले तरी वसुली छापखान्याकडून होत नाही. कागदाच्या व्यापाऱ्याला मात्र ४५ दिवसांचे संरक्षण नाही, कारण व्यापारी या तरतुदीत बसत नाहीत. त्याची उधारी छापखान्यानेच वेळेवर फेडायची आहे.