मोंढ्यातली ‘हवा’

छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी मोंढ्यात दिवाळीच्या आगेमागे मका आणि सोयाबीनचे ढीग लागतात. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडतो आणि मग ‘हवा’ बघायला मीटर काढतो. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. दाणे मीटरच्या वाटीत ओतले की काही क्षणांत आकडा उमटतो आणि भावाची घासाघीस तिथून सुरू होते.

गंमत म्हणजे यातले बरेच मीटर पाणी थेट मोजतच नाहीत. त्यांची वाटी म्हणजे एक कपॅसिटर: समोरासमोर धातूचे दोन पृष्ठभाग आणि मध्ये फट, की झाला कपॅसिटर. त्यात किती विद्युतभार मावेल हे पृष्ठभागांचा आकार, त्यांतलं अंतर आणि फटीत काय भरलंय यावर ठरतं. निर्वात फटीची क्षमता १ धरली, तर खऱ्याखुऱ्या हवेत ती जवळपास तेवढीच राहते, खाद्यतेलात तिपटीच्या आसपास जाते आणि पाण्यात थेट ८० पट! कोरडा दाणा तेलाच्याच पंगतीतला. म्हणून दाण्यात थोडं पाणी वाढलं, तरी मीटरला लगेच कळतं.

हीच युक्ती टाकीतही चालते. मध्ये उभी सळई हा एक पृष्ठभाग, टाकीची धातूची भिंत दुसरा. द्रव चढेल तशी क्षमता वाढते. शहराजवळच्या वाळूज एमआयडीसीत कारखाना असलेल्या एंड्रेस प्लस हाउजर कंपनीची सुरुवातच १९५३ मध्ये जर्मनीत अशा पातळीमापकांनी झाली. दाबमापकात पातळ पडदा वाकतो आणि अंतर बदलतं. मोबाइलच्या काचेवर बोट टेकतं, तेव्हाही खेळ हाच.

मोंढ्यात मात्र हा खेळ पैशांचा होतो. १६ टक्के ओलाव्याचं एक क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवलं, तर साडेचार किलो वजन उडून जातं. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांचीच अट असते. २०२४च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती.

आकडा चुकायलाही फार लागत नाही. मीटरमध्ये प्रत्येक पिकाचा तक्ता वेगळा असतो. मक्याच्या तक्त्यावर सोयाबीन मोजलं की हिशेब फसला. वाटीत दाणे दाबून भरले किंवा उन्हातला तापलेला माल तसाच ओतला, तरी क्षमता बदलते. चांगले मीटर तापमानाची दुरुस्ती स्वतः करतात, वजनही बघतात. तरीही ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने घेऊन सरासरी काढलेली बरी, कारण वरचा थर उन्हाने वाळलेला असतो आणि तळाशी ओल धरलेली असते.