टोनी राइसची गिटार

ब्लूग्रास ही अमेरिकी कंट्री संगीताची विजेची वाद्यं सहसा टाळणारी शाखा. तिथे गिटारने मुकाट ठेका धरायचा, मिरवायचं ते फिडल-बँजोने. टोनी राइसने गिटारलाही पुढे आणलं. 2020च्या ऐन नाताळच्या दिवशी, वयाच्या 69व्या वर्षी तो गेला.

त्याची 1935ची मार्टिन गिटार आधी गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटकडे होती. तिचं गोल भोक कोरून मोठं केलेलं. दुसऱ्या कुठल्या गिटारचं असं झालं असतं, तर जाणकारांनी नाकं मुरडली असती! 1994 नंतर घशाच्या विकाराने राइसचं गाणं सुटलं, वादन मात्र पुढे कितीतरी वर्षं चाललं. लोक त्याच्या वेगाचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी करामत ठेक्यात आहे. त्याचा 1979चा ‘मॅन्झनिटा’ हा अल्बम ऐकाच. त्यात बँजो नाहीच, त्यामुळे गिटारचा ठेका मोकळा ऐकू येतो.