टेस्ट रायडरचा दिवस: निगडी ते चाकण, विजेवर

पहाटे 5.15, निगडी

पार्किंगमधला चार्जर काढतो. डिस्प्लेवर 100 टक्के. एरवी मी 80 टक्क्यांवरच थांबतो, कारण लिथियमचा सेल काठोकाठ भरून ठेवला की त्याचं आयुष्य घटतं. आज रेंज टेस्ट आहे म्हणून पूर्ण भरली.

माझं काम चाकणमधल्या एका कंपनीच्या व्हॅलिडेशन विभागात. वेगवान विजेच्या मोटारसायकली बाजारात जाण्याआधी चालवायच्या, तापवायच्या, भिजवायच्या आणि कुठे कमी पडतात ते लिहून ठेवायचं. आजच्या गाडीची बॅटरी 7 युनिटची आहे. 12 लिटर पेट्रोलमध्ये 100 युनिटांहून जास्त ऊर्जा असते. इंजिन त्यातला मोठा हिस्सा उष्णतेत घालवतं, तरी साधारण पंचवीसेक युनिट चाकापर्यंत पोचतात. आमची मोटर फार थोडं वाया घालवते, पण मुळात शिदोरीच लहान. माझ्या दिवसभराच्या कामाचं मूळ या तफावतीत आहे.

सकाळी 6.00, स्पाइन रोड

फर्स्ट शिफ्टच्या बस भरून चालल्या आहेत. सिग्नल सुटला, हात जरा पिळला की गाडी मागून ढकलल्यासारखी निघते. क्लच नाही, गिअर नाही. इंजिनाला जोर धरायला आरपीएम चढावे लागतात. मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ77 मॅक 2 रेकॉन घ्या: मोटरचा टॉर्क 100 न्यूटन मीटर, टॉप स्पीड ताशी 155 किलोमीटर. इंजिनाच्या टॉर्कशी या आकड्याची थेट तुलना करू नये, कारण इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्स वाढवून देतो. पण पहिल्या काही मीटरांत विजेची गाडी जे करते ते या रस्त्यावर रोज दिसतं.

धोकाही इथेच आहे. मोशीच्या अलीकडे रस्त्यावर ट्रकचं डिझेल सांडलेलं असतं, त्यावर एवढा टॉर्क एकदम आला की मागचं चाक फिरतं. म्हणून वेगवान विजेच्या गाडीला चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल मी चैन मानत नाही. शिवाय आवाज नाही. बसकडे धावणारा कामगार कानावर भरवसा ठेवून रस्ता ओलांडतो, त्याला आमची गाडी ऐकूच येत नाही. मी गर्दीत कायम ब्रेकवर बोट ठेवून चालतो.

सकाळी 7.00, बॅटरी रूम

गेटवर पंचिंग, चहा, मग रात्रभर सायकलरवर लावलेल्या पॅकची नोंद. पॅक भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा आणि दर फेरीला क्षमता किती उतरली ते पाहायचं.

2022 च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या. 26 मार्चला पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरला लागलेली आग सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. त्यानंतर एआयएस 156 हे बॅटरीचं मानक कडक झालं आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. व्हायब्रेशन, शॉर्ट सर्किट, ओव्हरचार्ज, पाण्यात बुडवणं, आणि एक सेल भडकला तर शेजारचे किती वेळ तग धरतात हे सगळं आता तपासावं लागतं. या चाचण्यांमुळे वजन वाढतं, खर्च वाढतो, लाँचिंग पुढे जातं. त्यातली एकही कमी करावी असं मला वाटत नाही.

सकाळी 8.30, डायनो

गाडी रोलरवर बांधून फुल थ्रॉटल. पहिली काही मिनिटं पॉवरची रेघ सपाट असते, मग हळूहळू खाली झुकू लागते. गाडी बिघडलेली नसते. मोटर, कंट्रोलर किंवा सेल ठरलेल्या तापमानापुढे गेले की सॉफ्टवेअर स्वतःहून करंट कापतं. आमच्या भाषेत डीरेटिंग.

ब्रोशरवरची कमाल ताकद ‘पीक’ असते, म्हणजे काही सेकंदांपुरती. गाडी अर्धा तास सलग किती ताकद देऊ शकते, तो आकडा वेगळा आणि बराच लहान. मे महिन्यात चाकणचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ही रेघ आणखी लवकर झुकते. लिक्विड कूलिंग लावलं तर फरक पडतो, पण पंप, रेडिएटर, पाइप म्हणजे पुन्हा वजन.

सकाळी 10.30, नाशिक हायवे

रेंज टेस्ट. राजगुरुनगरच्या दिशेने आधी ताशी 50 ने, मग परत येताना रस्ता मोकळा मिळेल तिथे 80 ने. दर काही किलोमीटरला लॉगर किती वॉट-तास खर्च झाले ते टिपतो. 50 ने जाताना आकडा इतका कमी असतो की ब्रोशर खरं वाटू लागतं. 80 ला तोच आकडा झपाट्याने चढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी पॉवर आठपट. मोटारसायकलवर माणूस उघडा बसलेला, हवा कापायला कारसारखा आकार नाही.

पेट्रोलच्या गाडीलाही हाच नियम आहे, पण तिथे टाकी मोठी आणि पंप दर चार किलोमीटरला. विजेच्या गाडीत रेंज आणि स्पीड एकाच लहान शिदोरीतून येतात. दोन्ही आकडे ब्रोशरवर शेजारी छापलेले असले तरी एकाच फेरीत दोन्ही मिळत नाहीत.

दुपारी 1.00, कँटीन

आज भोसरीचे एक व्हेंडर जेवायला थांबले आहेत. त्यांच्याकडे चार व्हीएमसी मशिन आहेत. वर्षानुवर्षं इंजिनाचे पार्ट करत आले, आता आमच्यासाठी मोटरचं हाऊसिंग करतात.

‘‘काका, जॉब कसा वाटतो?’’

‘‘टॉलरन्स कडक आहे, पण जमतोय. मला काळजी वेगळीच आहे. एका इंजिनात किती पार्ट, आणि तुमच्या मोटरीत किती? माझ्या पोरांना काम पुरेल का?’’

या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, क्लच, गिअर हे सगळं या पट्ट्यातल्या हजारो लहान शॉपनी पोसलं आणि त्यांनाही त्यानेच पोसलं. मोटरीत फिरणारा भाग मुख्यतः एक रोटर. काम कमी होणार. जे राहील ते जास्त अचूक असेल. काकांसारख्यांना त्यासाठी नवी मशिन घ्यायला स्वस्त कर्ज आणि मुलांना शिकायला आयटीआयमध्ये जागा हवी.

मी त्यांना टॉर्क मोटर्स या कंपनीची गोष्ट सांगतो. 12 जून 2009 ला आयल ऑफ मॅनवर विजेच्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली, टीटीएक्सजीपी. पुण्याच्या कपिल शेळके यांच्या टीमची गाडी तिथे ओपन गटात तिसरी आली. तिथून टॉर्क मोटर्स उभी राहिली. 2016 मध्ये टी6एक्स ही मोटारसायकल दाखवली, पण विक्रीची गाडी, क्रॅटोस, बाजारात यायला जानेवारी 2022 उजाडलं. मधली वर्षं अशाच डायनोवर आणि बॅटरी रूममध्ये गेली. क्रॅटोसला 4 युनिटची बॅटरी. प्रमाणित रेंज 180 किलोमीटर, आणि रस्त्यावरची 120 असं कंपनीनेच शेजारी सांगितलं. तो दुसरा आकडा छापायला धैर्य लागतं. सगळ्यांनीच तो छापावा.

दुपारी 3.00, मीटिंग

विषय मॅग्नेट. लहान मोटरीतून जास्त ताकद हवी तर निओडिमियमचा मॅग्नेट लागतो, आणि तापल्यावरही त्याचं चुंबकत्व टिकावं म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. ही दुर्मीळ मूलद्रव्यं शुद्ध करण्याचा धंदा जवळपास सगळा चीनच्या हातात आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि जुलैमध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी ऑगस्टमध्ये चेतक या विजेच्या स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं असा इशारा दिला. जून 2022 मध्ये आकुर्डीत खास विजेच्या गाड्यांसाठी सुरू झालेल्या त्यांच्या प्लांटसाठी ही केवढी मोठी गोष्ट! फेराइटचा स्वस्त मॅग्नेट वापरता येतो, पण तेवढ्याच ताकदीला मोटर मोठी आणि जड होते. स्कूटरला ते परवडेल. वेगवान मोटारसायकलला प्रत्येक किलो जाचतो.

संध्याकाळी 6.00, तळेगाव चौक

कंटेनर, कंपन्यांच्या बस, रिक्षा, सगळं एकमेकांत अडकलेलं. शेजारी पेट्रोलच्या मोठ्या बाइकवर एक तरुण क्लच दाबून दाबून हात झटकतो आहे, इंजिनाची धग मांडीला लागते आहे. माझी गाडी थांबली की काही खात नाही, हळू चालली की नगण्य खाते, आणि उतारावर थोडी वीज परतही देते. ताशी 100 च्या पुढे जाणारी ही गाडी सर्वांत जास्त सुख देते ती ताशी 10 च्या गर्दीत. चाकणला रोज येणाऱ्या माणसासाठी हा गुण टॉप स्पीडहून मोठा आहे.

रात्री 8.30, निगडी

चार्जर लावतो. 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तीन किलोवॉटच्या आसपासच वीज घेता येते. 10 युनिटची बॅटरी असेल तर तीन-चार तास हवेत. ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि मीटर नाही, त्याला ही गाडी अजून जड जाते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चाकणच्या बहुतेक तरुण कामगारांची हीच स्थिती आहे. किमतीचंही तेच. जून 2023 मध्ये केंद्राच्या फेम 2 योजनेचं अनुदान बॅटरीच्या प्रति युनिट 15,000 वरून 10,000 रुपयांवर आलं, आणि एप्रिल 2024 मध्ये तिच्या जागी आलेल्या योजनेत 5,000 वर. मोठ्या बॅटरीच्या गाडीला त्याचा फटका सर्वांत जास्त बसला.

माझं मत स्पष्ट आहे. रोज साठ-सत्तर किलोमीटरची ये-जा, घरी चार्जिंग, आणि अधूनमधून वेगाची हौस असेल, तर वेगवान विजेची मोटारसायकल आज घेण्यासारखी आहे. तीच एकटी गाडी घेऊन दर सुट्टीला महाबळेश्वर किंवा कोकण गाठायचं असेल, तर अजून थांबा.

शोरूममध्ये गेलात तर पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. ताशी 80 ने सलग चालवली तर रेंज किती? सलग मिळणारी पॉवर किती? बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर पॅक बदलून मिळेल? आज नवा पॅक कितीला? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे? या प्रश्नांची सरळ उत्तरं देणाऱ्याकडूनच गाडी घ्या.