ट्रेकसाठी वेगळं जीपीएस घ्यायचं का?

नेटवर्क गेलं की मोबाइलचं जीपीएसही बंद पडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि किमान चार उपग्रह दिसले की जागा काढतो. त्याला टॉवर लागत नाही. नेटवर्क गेल्यावर जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी फुकटातलं काम करा. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्या, वाटेची जीपीएक्स फाइल टाका आणि चढताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. फक्त पायथ्याच्या गावात रेंज असतानाच एकदा लोकेशन लागू द्या. रेंज नसेल तर उपग्रहांची माहिती फोनला थेट आकाशातून घ्यावी लागते आणि त्यात कधीकधी काही मिनिटं जातात.

हिवाळ्यात राजगड-तोरणा करणाऱ्याला एवढं पुरतं. सोबत पॉवर बँक असली की झालं.

खरी अडचण पावसाळ्यात येते. जुलैत हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला दाट धुकं असतं, बोटं ओली, स्क्रीनवर पाणी. टचस्क्रीन भलतीकडेच दाबली जाते. अशा वेळी बटणांचं हातातलं जीपीएस कामाला येतं. उदाहरणार्थ गार्मिनचं ईट्रेक्स ३२एक्स. दोन पेन्सिल सेलवर चालतं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २५ तास. आणि ते सेल भिंतीवरच्या घड्याळातही लागतात, त्यामुळे गावातल्या दुकानातही मिळू शकतात.

याचंच स्वस्त भावंडं ईट्रेक्स २२एक्स. दिसायला जवळपास तसंच, पण त्यात होकायंत्राचा सेन्सर नाही. 'दिशाच तर आहे' म्हणून लोक हा फरक सोडून देतात. सेन्सर नसेल तर तुम्ही चालायला लागल्यावरच यंत्राला तुमची दिशा कळते. उभं असताना बाण कुठेही असू शकतो. म्हणजे दिशा बघायला काही पावलं टाकायची, तीही धुक्यात, कडा कुठे आहे ते माहीत नसताना. माझ्या मते सह्याद्रीसाठी घेत असाल तर पैसे वाचवायची ही जागा नव्हे. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सरही आहे. तो उपयोगी, पण हवा बदलली की आकडा सरकतो, म्हणून माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट मल्टी-बँडची. दरीत सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोहोचतो आणि नकाशावरचा ठिपका उड्या मारतो. एल१ सोबत एल५ पट्टाही ऐकणारं यंत्र हे बरंच सावरून घेतं. गंमत म्हणजे ईट्रेक्स ३२एक्समध्ये एल५ नाही (जीपीएसमॅप ६५एसमध्ये आहे), पण आताच्या बऱ्याच फोनमध्ये असतो! जीपीएसटेस्ट नावाच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या फोनचं तपासून बघा. सांदण दरीसारख्या घळीत मात्र आकाशाची पट्टीच दिसते, तिथे कुठल्याच यंत्राकडून फार अपेक्षा नको.

जीप किंवा बाइक घेऊन कच्च्या रस्त्याने जाणार असाल तर हे सगळं विसरा. २.२ इंचाच्या स्क्रीनकडे बघत गाडी चालवणं धोक्याचं आहे. गाडीत चार्जिंग असतंच, तेव्हा मजबूत होल्डर आणि ऑफलाइन नकाशा असलेला फोन उत्तम.

शेवटचं, आणि हे दुकानदार सांगेलच असं नाही. परदेशातून कुणाकडून मागवत असाल तर इनरीच हे नाव असलेलं यंत्र मागवू नका. त्यावरून उपग्रहामार्फत मेसेज पाठवता येतो, आणि भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदेशीर आहे. गोव्याच्या विमानतळावर यामुळे परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. नुसतं सिग्नल ऐकणाऱ्या ईट्रेक्सचा यात प्रश्न येत नाही. जीपीएसमॅप घेताना मात्र मॉडेलच्या नावापुढे 'आय' आहे का ते बघा. ६७ चालेल, ६७आय नको.