कादंबरीतली आगगाडी

एका रहस्यकथेत नायक गडचिरोलीच्या स्टेशनवर उतरला, असे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. कथेतल्या काळी त्या जिल्ह्यात रेल्वेचे स्टेशन होते ते एकट्या वडशाचे, पुढे एस. टी. शिवाय गती नव्हती. चंद्रपुराचेही तसेच. वर्ध्याहून बल्लारशाला जाणाऱ्या मार्गावरचे चंद्रपूर वेगळे आणि गोंदियाकडच्या मार्गावरचे चांदा फोर्ट वेगळे. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाऊन गाडी बदलणारा नायक आमच्याकडे हसण्यावारी जातो.

कोणी म्हणेल, गोष्टीत एवढे काय पाहायचे? मीही कधी कधी तसेच म्हणतो. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी घ्या. तिचा नायक फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईहून रात्री आठच्या गाडीने कलकत्त्यास निघतो. अलाहाबादच्या अलीकडे पन्नास मैलांवर रूळच संपतात. वर्तमानपत्रांनी मार्ग पुरा झाल्याचे खोटेच छापले, असे गार्ड सांगतो. वस्तुतः जबलपूरवरून मुंबई-कलकत्ता मार्ग मार्च १८७० मध्येच खुला झाला होता. म्हणजे वर्तमानपत्रे खरी होती, कादंबरीकार चुकला! पण रूळ संपले नसते तर फॉगने हत्ती विकत घेतला नसता, आणि पुढची सारी हकीकत घडली नसती. ही चूक मी माफ करतो. तिने कथेला काही दिले. गडचिरोलीच्या स्टेशनने काय दिले?

याच्या उलट जपानचा मात्सुमोतो सेईचो. १९५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या कादंबरीत सारे रहस्य तोक्यो स्टेशनच्या चार मिनिटांवर उभे आहे. तेराव्या फलाटावरून पंधरावा फलाट, मधे गाडी आड न येता, सायंकाळी ५-५७ ते ६-०१ एवढाच वेळ दिसतो. हे त्या काळच्या खऱ्या वेळापत्रकावर बेतलेले. आपल्याकडे असे रहस्य रचणे अवघड. आपली गाडी चार मिनिटे नव्हे, चार तास हसत हसत खाते.

आणि इथेच माझा स्वतःचा अनुभव आड येतो. नागपूर-नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी २०१९ पर्यंत धावत होती. तिने कामावर येणाऱ्या आमच्या एका मजुरावर गैरहजेरीचा ठपका आला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी छापील वेळापत्रक पुढे ठेवले: गाडी वेळेत पोहोचते, तेव्हा हा वाटेत रेंगाळला असला पाहिजे. साहेबांचे गणित अगदी कादंबरीतल्या गुप्तहेरासारखे बिनचूक होते. आम्ही स्टेशनच्या नोंदवहीतला उतारा मिळवला. त्या दिवशी गाडी तीन तास उशिरा आली होती. मजुराला आठ दिवसांची कापलेली मजुरी परत मिळाली. तेव्हापासून मी कादंबरी वाचताना वेळापत्रक जवळ ठेवतो, आणि वेळापत्रक वाचताना नोंदवही मागतो.